नवऱ्याचा वाहनपरवाना निलंबित झाल्यावर घराची घडी कशी बसवावी

पोलिसांच्या नाकाबंदीत यंत्रात फुंकणे, आकडा मर्यादेच्या वर दिसणे, परवाना जमा होणे आणि न्यायालयात हजर राहण्याचा कागद हाती पडणे हे सारे तास-दोन तासांत उरकते. घरात मात्र त्याचे पडसाद पुढे कित्येक महिने उमटत राहतात. ज्या घरात गाडी चालवणारा एकटा नवराच असतो, तिथे मुलांची शाळा आणि शिकवण्या, आईवडिलांचा दवाखाना, आठवड्याची भाजी, गावाकडचे लग्न अशा प्रत्येक गोष्टीपाशी परवान्याचा प्रश्न येऊन उभा राहतो आणि जुनाच वाद नव्या निमित्ताने सुरू होतो. हा लेख महाराष्ट्रात दारू पिऊन वाहन चालवल्यामुळे परवाना गमावलेल्या पुरुषासाठी आणि त्याच्या पत्नीसाठी आहे. माझी भूमिका आधीच सांगून ठेवतो. परवाना परत मिळवण्याचे प्रत्येक काम, मग ते कार्यालयात खेटे घालण्याचे असो की नातेवाइकांना तोंड देण्याचे, नवऱ्याने स्वतः करावे. घराची ये-जा कशी चालेल हे मात्र दोघांनी बसून ठरवावे. या दोन कामांची सरमिसळ झाली की पत्नी एकाच वेळी चालक, कारकून आणि पहारेकरी होऊन बसते.

कागदावर नेमके काय आहे

घरात 'लायसन गेलं' असे म्हटले जाते तेव्हा त्याचा अर्थ दोघांच्या मनात निराळा असतो. नवऱ्याला वाटते की दंड भरला की प्रकरण मिटले, आणि पत्नीला वाटते की आता हा माणूस वर्षानुवर्षे गाडीला हात लावू शकणार नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने हाती असलेले सगळे कागद टेबलावर मांडावेत आणि दोघांनी ते एकत्र वाचावेत. पुढचे निम्मे वाद या एका बैठकीने टळतात.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पोलीस परवाना ताब्यात घेऊन तो परिवहन कार्यालयाकडे पाठवतात आणि त्याबदल्यात पोचपावती देतात. ही पावती खिशात असली म्हणजे तोवर गाडी चालवता येते, असा चुकीचा समज सर्रास आढळतो. कलम 206 मध्ये तर अशा प्रकरणातील पावती वाहन चालवण्याची मुभा देत नाही असे स्पष्ट म्हटले आहे.

यापुढे प्रकरण दोन वाटांनी जाते आणि गोंधळ नेमका इथेच होतो. पहिली वाट परिवहन कार्यालयाची. कलम 19 नुसार परवानाधारकाला म्हणणे मांडण्याची संधी दिल्यानंतर अधिकारी पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांची अपात्रता आणि दुसऱ्या गुन्ह्यासाठी परवाना रद्द करण्याचा आदेश काढू शकतो. या आदेशाविरुद्ध तीस दिवसांच्या आत अपील करता येते, त्यामुळे आदेश मिळाल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी. दुसरी वाट न्यायालयाची. कलम 185 खाली दोष सिद्ध झाला, तर कलम 20 नुसार न्यायालयाने किमान सहा महिन्यांची अपात्रता फर्मावणे अपेक्षित आहे. म्हणजे 'गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा' असा जो सल्ला न्यायालयाच्या आवारात फुकट मिळतो, तो पाळणाऱ्याने आपण दोषसिद्धी पत्करत आहोत हे समजून घेतलेले असले पाहिजे. कबुली देण्याआधी वकिलाशी बोलावे, दोन्ही आदेशांची मुदत कधीपासून कधीपर्यंत आहे आणि त्यांत दुचाकीसह कोणते वाहनप्रकार येतात हे त्याच्याकडून तपासून घ्यावे आणि ज्या तारखेपर्यंत गाडी चालवायची नाही ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर उघडपणे लिहावी. तारीख भिंतीवर असली की ती रोज बायकोने तोंडाने सांगावी लागत नाही.

परवाना लवकर सोडवून देतो किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून नवा काढून देतो असे सांगणारे मध्यस्थही या काळात भेटतात. परवान्यांची नोंद जवळपास देशभर 'सारथी' या एकाच प्रणालीत होते, एका व्यक्तीने दोन परवाने बाळगणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि अशा वाटेवर घातलेले पैसे पत्नीला न सांगताच घातलेले असतात. निलंबनापेक्षा हे लपवणेच पुढे अधिक महागात पडते.

गाडी कोणाच्या नावावर आहे

हा मुद्दा बहुतेक घरांत कोणाच्या लक्षातच येत नाही. कर्जासाठी किंवा करासाठी गाडी पत्नीच्या नावावर घेतलेली असते आणि चालवतो नवरा. निलंबनाच्या काळात त्याने ती चालवली, तर कलम 182 नुसार त्याला तीन महिन्यांपर्यंत कारावास, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि वैध परवाना नसलेल्या माणसाला गाडी चालवू दिली म्हणून कलम 180 नुसार मालकालाही तीन महिन्यांपर्यंत कारावास, 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मालक म्हणजे इथे पत्नी. अपघात घडला तर प्रकरण आणखी गंभीर होते. चालक अपात्र होता या कारणावरून विमा कंपनी स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा नाकारू शकते आणि समोरच्या जखमी व्यक्तीला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करण्याची परवानगी मागू शकते. 'कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच तर जातोय' या वाक्याला उत्तर देताना पत्नीने मायेची किंवा विश्वासाची भाषा वापरण्याची गरजच नाही. 'गाडी माझ्या नावावर आहे, गुन्हा माझ्यावरही येईल' एवढे सांगणे पुरेसे आहे, आणि ते खरेही आहे.

किल्ल्यांचे काय करायचे, हा प्रश्न यातूनच येतो. किल्ल्या डब्यात, कपाटात, गादीखाली लपवू नयेत, कारण लपवलेली वस्तू शोधणे हा एक खेळ होतो आणि त्या खेळात मोठ्या माणसाचे मूल होते. नवऱ्याने आपणहून दोन्ही किल्ल्या पत्नीच्या स्वाधीन कराव्यात आणि तिने त्या आपल्या पर्समध्ये ठेवाव्यात. तिला स्वतःला गाडी चालवता येत नसेल, तर जवळ राहणाऱ्या भावाकडे किंवा विश्वासू मित्राकडे त्या ठेवाव्यात, आणि तेही नवऱ्यानेच नेऊन द्यावे.

ये-जा कशी बसवावी

बैठकीचा दुसरा भाग वाहतुकीचा. कागदाच्या एका बाजूला आतापर्यंत नवरा आठवड्यात ज्या ज्या फेऱ्या मारत होता त्या सगळ्या लिहाव्यात. ही यादी नवऱ्याने एकट्याने केली तर ती अपुरी राहते आणि पत्नीने एकटीने केली तर ती तक्रारीसारखी वाचली जाते, म्हणून ती एकत्रच करावी. मग प्रत्येक फेरीपुढे विचारावे, की ही रद्द होऊ शकते का, सार्वजनिक वाहनाने होऊ शकते का, दुसरे कोणी करू शकते का, आणि या तिन्हींची उत्तरे नकारार्थी आली तरच ती पत्नीने करायची का.

नवऱ्याच्या नोकरीची ये-जा या यादीत सर्वांत वर नसावी, असे माझे मत आहे. धडधाकट प्रौढ माणूस बसने, मेट्रोने, लोकलने, शेअर रिक्षाने किंवा सहकाऱ्याच्या गाडीत पेट्रोलचा वाटा देऊन कामावर जाऊ शकतो. थोडे आधी निघावे लागेल, इतकेच. कोथरूडला राहणाऱ्या आणि कल्याणीनगरच्या बाजूला नोकरी करणाऱ्या माणसाला वनाज ते रामवाडी मेट्रो उपलब्ध असताना पत्नीने त्याला आपल्या कार्यालयाच्या उलट दिशेला सोडायला जाणे म्हणजे त्याच्या शिक्षेचा हप्ता तिने भरणे आहे. मदत आधी पोहोचायला हवी ती आजारी सासूबाईंच्या तपासण्या, लहान मुलांची शाळा, रात्री उशिराचा क्लास यांना.

तालुक्याच्या गावी आणि खेड्यात परिस्थिती अवघड असते. तिथे दिवसाकाठी एसटीच्या मोजक्याच फेऱ्या असतात, वडाप भरल्याशिवाय निघत नाही आणि मोटारसायकल हीच घराची खरी गाडी असते. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, हे घरातल्या फेऱ्या वाटून घेताना हिशेबात धरावे. ट्रॅक्टर रस्त्यावर नेण्यासाठीही परवाना लागतो, हे शेतकरी कुटुंबांनी विसरू नये. ऊस किंवा कांदा बाजारात नेण्याच्या दिवसांसाठी परवानाधारक चालक आधीच ठरवून ठेवावा. जवळच्या अंतरासाठी सायकल हा उत्तम मार्ग आहे. ताशी 25 किलोमीटरच्या आतला वेग आणि 250 वॅटपेक्षा कमी क्षमतेची मोटर असलेली, नियमांत बसणारी विद्युत दुचाकी मोटार वाहनाच्या व्याख्येत येत नाही, त्यामुळे तिला परवाना लागत नाही. मात्र विक्रेत्याच्या शब्दावर न जाता तिचे प्रमाणपत्र पाहावे, कारण वेग वाढवून विकलेल्या गाडीला ही सूट नाही.

ज्यांचे पोटच गाडीवर आहे, अशा रिक्षा, टॅक्सी आणि टेम्पोचालकांच्या घरात हा प्रश्न ये-जा करण्याचा नसून चुलीचा असतो. कर्जाचा हप्ता थांबत नाही. बॅज असलेल्या दुसऱ्या चालकाला गाडी शिफ्टवर देणे, सावकाराकडे जाण्याआधी बँकेशी किंवा पतसंस्थेशी बोलणे, आणि तेवढ्या महिन्यांपुरते नवऱ्याने गॅरेजमध्ये, गोदामात किंवा दुकानात मिळेल ते काम धरणे, हे पर्याय पहिल्या आठवड्यातच चाचपावेत. अशा घरात पत्नीने कामाचे तास वाढवले तर घरातली कामे नवऱ्याकडे सरकली पाहिजेत. बाहेर दोघांचे श्रम सारखे आणि घरात भांडी मात्र तिच्याच वाट्याला, ही व्यवस्था तीन महिने टिकत नाही.

जिथे पत्नी गाडी चालवते, तिथे एक नियम लेखी करून ठेवण्याइतका महत्त्वाचा आहे: सोडण्या-आणण्याच्या फेऱ्या आदल्या दिवशी ठरतील आणि त्यांची संख्या ठरलेली असेल. 'तुला सोमवारी आणि गुरुवारी सोडते, बाकीचे दिवस तू मेट्रोने जा' असे स्पष्ट वाक्य रोजच्या कुरबुरीपेक्षा कितीतरी प्रेमळ असते. मित्रांच्या बैठकीतून किंवा बारमधून घ्यायला जाण्याचे काम पत्नीने कधीच पत्करू नये. 'मग मी गाडी चालवत येऊ का?' असे त्यावर विचारले जाते. त्याचे उत्तर म्हणजे टॅक्सी, आणि ती जाण्याआधीच ठरवायची. पेट्रोलचा हिशेब सगळेच ठेवतात, तिच्या वेळेचा कोणी ठेवत नाही. तो या काळात ठेवावा, म्हणजे आठवड्याला तिचे जितके तास जादा खर्ची पडतात तितके तास नवऱ्याने मुलांचा अभ्यास, किराणा, स्वयंपाक यांत परत करावेत.

शेजारच्या आसनावर बसलेल्या नवऱ्यासाठी वेगळी सूचना आवश्यक आहे. वर्षानुवर्षे स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाचा उजवा पाय शेजारी बसल्यावरही ब्रेक शोधत असतो आणि तोंड 'गिअर बदल, इंडिकेटर दे, अगं डावीकडून घे' असे चालू असते. धोका दिसला तरच बोलायचे, रस्ता सांगायचा तर वळणाच्या पुरेसा आधी सांगायचा आणि उतरल्यावर चालवण्यावर शेरा मारायचा नाही, एवढे तीन निर्बंध त्याने स्वतःवर घालून घ्यावेत. आपल्याकडे बायको गाडी चालवते आहे आणि नवरा बाजूला बसला आहे, हे दृश्य पाहून सिग्नलला दोन माना वळतातच. त्या माना बघून आलेला राग घरी येऊन बायकोवर काढायचा नसतो.

पत्नीला गाडी शिकायची असेल तर

अनेक घरांत या निमित्ताने पत्नी शिकाऊ परवाना काढते, आणि ते चांगलेच आहे. शिकाऊ परवान्याची परीक्षा आधारच्या साहाय्याने घरबसल्या ऑनलाइन देता येते, तो सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची चाचणी किमान तीस दिवसांनंतर देता येते. मात्र शिकाऊ चालकाच्या शेजारी बसणाऱ्याकडे वैध आणि चालू परवाना असावा लागतो. ज्याचा परवाना निलंबित आहे तो नवरा बायकोला कायद्याने गाडी शिकवू शकत नाही. खरे सांगायचे तर हा निर्बंध बहुतेक संसारांच्या हिताचाच आहे. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालावे, तिथली फी नवऱ्याने भरावी आणि त्या वेळात घर सांभाळावे. फक्त नवऱ्याच्या परवान्याची सोय म्हणून तिला घाईघाईने, भीत भीत, महामार्गावर उतरवू नये. तिला शिकायचेच नसेल, तर तो नकारही त्या बैठकीतच मान्य झाला पाहिजे.

कोणाला काय सांगावे

पहिल्या काही दिवसांत 'गाडी सर्व्हिसिंगला दिलीय' असे सांगून वेळ मारून नेली जाते. सर्व्हिसिंग काही तीन महिने चालत नाही, म्हणून मग पाठदुखी येते, डोळ्यांचा नंबर येतो आणि या सगळ्या गोष्टी लक्षात ठेवून माहेरी, सासरी, सोसायटीत आणि शाळेच्या दारात एकसारख्या सांगण्याची जबाबदारी नकळत पत्नीवर पडते. हे थांबवण्याचा मार्ग असा, की ज्यांना कळणे आवश्यक आहे त्यांना नवऱ्याने स्वतः आणि एकदाच सांगावे. आपल्या आईवडिलांना त्यानेच सांगावे, आणि शक्यतो सासरी जाऊन सासऱ्यांनाही. 'दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेलो, अमुक तारखेपर्यंत गाडी चालवणार नाही, तोवर दवाखान्यात रिक्षाने जाऊ' एवढे पुरे. पोलीस किती आडमुठे होते आणि दोनच पेग घेतले होते, हा तपशील कोणी विचारलेला नसतो. 'तूच त्याला अडवायला हवं होतंस' असे सासूबाई सुनेला म्हणाल्या, तर त्या क्षणी उत्तर मुलाने द्यायचे आहे, सुनेने नव्हे.

बाकीच्यांना कारण सांगण्याचे बंधन नाही. 'सध्या तो गाडी चालवत नाही' हे वाक्य खरेही आहे आणि पुरेसेही. पत्नीने मात्र कोणासाठीही खोटे बोलू नये आणि नवऱ्याने तिला तसे करायला सांगू नये. नोकरीत कंपनीची गाडी चालवावी लागत असेल, तर कामाच्या ठिकाणी नवऱ्याने लगेच सांगावे, कारण अपात्र असताना कंपनीची गाडी चालवणे नोकरीवरही बेतू शकते.

मुलांपासून हे लपत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलालाही 'बाबांनी दारू पिऊन गाडी चालवली, ते चुकीचं होतं, म्हणून काही महिने बाबा गाडी चालवणार नाहीत' एवढे बाबांनीच सांगितले तर समजते. आईने मुलांसमोर टोमणे मारू नयेत आणि बाबांनी आज गाडी चालवली का यावर लक्ष ठेवायला मुलांना बसवू नये.

पैसे

दंड, वकिलाची फी, रिक्षा-टॅक्सी, ड्रायव्हिंग स्कूल, वेळप्रसंगी दिवसाच्या बोलीवरचा चालक, ही सगळी बेरीज वहीत एका पानावर लिहावी. दंड आणि वकील यांचा खर्च नवऱ्याच्या वैयक्तिक खर्चातून जावा, मुलांच्या फीसाठी किंवा भिशीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून नाही. पेट्रोल, पार्किंग आणि बाहेरच्या बैठका यांवरचे वाचलेले पैसे त्याच पानावर समोर लिहावेत. अनेकदा टॅक्सीचा खर्च वाटतो तितका मोठा नसल्याचे त्यातून दिसते, आणि बैठकांवर किती जात होते तेही.

दारूचा प्रश्न वेगळा धरा

परवाना हा दारूच्या प्रश्नाचा एक परिणाम आहे, आणि परिणामाबद्दल महिनोन्महिने भांडत राहिल्याने मूळ प्रश्न बाजूला राहतो. धुळवडीला, गटारीला किंवा 31 डिसेंबरला एकदाच घडलेली गोष्ट असेल, तर नियम सोपा आहे: ज्या दिवशी प्यायची त्या दिवशी स्वतःचे वाहन न्यायचेच नाही. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी रक्तातला मद्यार्क कमी होत नाही. शरीर तो साधारणपणे दर 100 मिलिलिटर रक्तामागे तासाला 15 मिलिग्रॅम या गतीने घटवते, त्यामुळे रात्री भरपूर प्यालेला माणूस सकाळीही मर्यादेच्या वर असू शकतो.

पण आठवड्यातले बरेच दिवस पिणे, लपवून पिणे, सकाळी हात थरथरणे, प्यायल्यावर काय बोललो ते न आठवणे, आधीही असे गाडी चालवून घरी पोहोचलेले असणे, यांतले काही ओळखीचे वाटत असेल तर विषय एका रात्रीचा नाही. रोज खूप पिणाऱ्याने ईर्षेने एकदम दारू बंद करू नये. अशा वेळी आकडी येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात, म्हणून बंद करणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मराठीतून चालणाऱ्या सभा राज्यभर अनेक गावांत होतात, आणि 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पत्नीने त्याला तिथे ओढून नेण्यापेक्षा स्वतःसाठी मदत घ्यावी. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात, आणि नवरा उपचारांना तयार नसला तरी तिथे जाता येते.

इतके करूनही तो निलंबनाच्या काळात गाडी घेऊन निघाला, तर काय करायचे हे त्या क्षणी ठरवता येत नाही. आधीच ठरलेले असावे लागते. पत्नीने आणि मुलांनी त्या गाडीत बसायचे नाही, ही पहिली गोष्ट. गाडी तिच्या नावावर असेल तर तिची संमती नाही हे तिने मोबाइलवरच्या संदेशात लिहून ठेवावे, ही दुसरी. तो प्यालेला असताना किल्लीसाठी झटापट करू नये. शरीराला धोका वाटला तर किल्ली सोडावी आणि 112 वर फोन करावा. नवऱ्याला पोलिसांत देणे पत्नीला फार जड जाते, आणि आजूबाजूचे लोक तिलाच बोल लावतात. रस्त्यावरून चाललेल्या तिसऱ्याच माणसाचा जीव त्या क्षणी तिच्या फोनवर अवलंबून असू शकतो, हेही तितकेच खरे.

परवाना गेल्याच्या रागातून मारहाण, शिवीगाळ, पैसे अडवणे असे प्रकार घडत असतील तर हा लेख पुरेसा नाही आणि वाटाघाटींची बैठकही योग्य नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 मध्ये मानसिक आणि आर्थिक छळाचाही समावेश आहे. 181 ही महिला हेल्पलाइन, जिल्ह्यातील संरक्षण अधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्याकडे जाता येते. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

आजारपणामुळे गाडी सुटली असेल तर

फिट आल्यामुळे, मधुमेहाने नजर अधू झाल्यामुळे किंवा काचबिंदूमुळे गाडी सोडावी लागलेल्या नवऱ्याच्या बाबतीत वरची ये-जा करण्याची व्यवस्था तशीच लागू होते, पण वागण्याचा सूर बदलायला हवा. परवान्यासाठीच्या शारीरिक क्षमतेच्या घोषणापत्रात फिट, अचानक शुद्ध हरपणे आणि रातांधळेपणा यांविषयी थेट विचारलेले असते, आणि ते खोटे भरून मिळवलेला परवाना बाळगणे म्हणजे अपघाताची वाट पाहणे. इथे चूक कोणाचीच नसते. त्यामुळे 'तू आता चालवू नकोस' हे बायकोने सांगण्याऐवजी डॉक्टरांनी, तिच्या उपस्थितीत आणि चिठ्ठीवर लिहून सांगावे, अशी विनंती आधीच करून ठेवावी. त्यांच्या शब्दावर नवरा रुसत नाही.

परवाना परत मिळताना

जमा केलेला परवाना मुदत संपली म्हणून आपोआप घरी येत नाही. चालकांसाठीचे उजळणी प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केल्यानंतरच तो परत मिळतो, अशी तरतूद कलम 19 मध्ये आहे. त्यामुळे प्रशिक्षण कोठे आणि केव्हा आहे याची चौकशी नवऱ्याने मुदत संपण्याच्या बरीच आधी आपल्या परिवहन कार्यालयात करावी. दरम्यान परवान्याची मूळ वैधताच संपत आली आहे का हेही पाहावे, कारण संपल्यापासून वर्षभराच्या आत नूतनीकरणाचा अर्ज केला नाही तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. परवाना हातात आल्यावर 'सारथी'वर त्याची स्थिती सुरू असल्याचे दिसते का ते तपासून मगच गाडी बाहेर काढावी; आदेशाची, दंडाच्या पावतीची आणि प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत गाडीत आणि एक घरी ठेवावी.

किल्ल्या परत देण्याआधी आणखी एकदा बसावे. या महिन्यांत जी व्यवस्था बसली, तिच्यातली कोणती पुढेही ठेवायची हे त्यात ठरवावे. मेट्रोने जाणे नवऱ्याला सोयीचे वाटू लागले असेल, पत्नीला आपल्या हातात गाडी असणे आवडू लागले असेल, आणि ती सगळी मांडणी केवळ परवाना आला म्हणून मोडून पूर्वीसारखी करण्याचे कारण नाही. तिच्या मनात अजून धास्ती असेल तर 'आता तर सगळं मिटलं ना' असे म्हणून ती पुसता येत नाही. पहिले काही आठवडे मुलांना घेऊन लांबच्या प्रवासाला तिने चालवावे किंवा दोघांनी आलटून पालटून चालवावे, असे ठरवता येते. लग्न, हळद, वाढदिवस, कार्यालयातली पार्टी अशा ठिकाणी निघताना परतीची गाडी कोण चालवणार हे घरातून पाय बाहेर टाकण्याआधी ठरलेले असावे, आणि ज्याचे नाव ठरेल त्याने त्या दिवशी घोटभरही घेऊ नये. दुसऱ्यांदा सापडल्यास कलम 19 खाली थेट परवाना रद्द होण्याची कारवाई होऊ शकते, हे दोघांनाही ठाऊक असले पाहिजे.